सोमवारपासूनची रजा

"सोमवारपासून," दोरिता दबक्या आवाजात म्हणाली. "कुणाला कळणार नाही, एतेल्विना. परत येशील तेव्हा तुझी जागा तुझीच."

कारखान्याच्या या मुख्य बाईनं काचेचं दार लावून घेतलं होतं. तरी बाहेर लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माना वर केल्याच. खारवलेल्या अँचोवी माशांचे काटे काढताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे.

एतेल्विना जागेवर येऊन बसली. सगळ्यांसारख्या तिच्याही बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. डाव्या हातावर ताजा निळा डाग होता. तिनं तो झाकला नाही. शेजारी तिची मुलगी नेरेआ बसली होती. तिला थंडी सोसत नसे, म्हणून बाह्या मनगटापर्यंत आणि कायम खाऱ्या पाण्यानं ओल्या.

"एलादिओ दर्यावरून कायमचा घरी आला ना," समोरची चारो म्हणाली. "पूर्वी लाटांवर ओरडायचा. आता बायको आहे."

"तू काटे बघ, चारो. गिऱ्हाइकाच्या घशात अडकायचे," एतेल्विना म्हणाली.

बायका हसल्या. पण त्या घरातला आरडाओरडा गल्लीनं ऐकलेला होता. खाली एतेल्विना आणि तिचा नवरा एलादिओ राहत, वर नेरेआ आणि तिचा नवरा रामिरो.

जेवणाच्या सुट्टीत एतेल्विनानं बटाट्याच्या ऑम्लेटचा मोठा तुकडा मुलीच्या पावावर ठेवला.

"दुखतंय?" नेरेआनं डागाकडे बघत विचारलं.

"दुखायलाच हवं. नाहीतर विश्वास कोण ठेवतं? महिला मदत केंद्रातल्या बाईनं हात बघितला, रजेचा कागद दिला आणि पुढं काही विचारलंच नाही."

"बाबांना सांगितलंस?"

"त्यांना कळता कामा नये. सोमवारी सकाळच्या बसनं बुर्गोसला, मावशीकडे. आपण दोघी. दोरिताला सांगते, तू आजारी आहेस."

"आणि तिथं शोधत आला तर?"

"मी असेन ना. रजा काय झोपायला घेतली?"

नेरेआ काही बोलणार होती. तेवढ्यात भोंगा वाजला. एतेल्विनानं ॲप्रनवरचे पावाचे कण झटकले आणि आत गेली.

रविवारी सकाळी कॉफी चढवताना ती कोसळली. हृदय, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी हातावरचा डाग पाहिला, एलादिओकडे पाहिलं, आणि पुन्हा म्हणाले, हृदयच.

दफनाआधीच्या प्रार्थनेनंतर घरचे चर्चच्या दारात रांगेनं उभे राहिले. आधी एलादिओ, मग नेरेआ, मग रामिरो. गाव हात मिळवायला आलं.

चारो पुढं होती. एलादिओनं हात पुढे केला. ती त्याच्यासमोरून सरकली, नेरेआच्या गालाला गाल लावला आणि रामिरोचे दोन्ही हात धरले.

"तुझ्यासारखा जावई आहे म्हणून बरं. सांभाळ पोरीला."

"सांभाळतोच आहे, चारोमावशी," रामिरो म्हणाला. पुढच्याच क्षणी त्याचा हात पुन्हा नेरेआच्या कोपराखाली होता.

दुसरी बाई तशीच सरकली. तिसरीही. दोरितानं तर एलादिओकडे बघितलंही नाही. दोर ओढून वाकडा झालेला त्याचा पंजा तसाच पुढे राहिला.

बोटीच्या इंजिनापाशी आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्याला ऐकू कमी येई. बोले तो ओरडूनच, घरात असो की चर्चमध्ये.

"पोरी," तो म्हणाला आणि रांगेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं, "ही माणसं माझा हात का घेत नाहीत? माझं काय चुकलं?"

चारो जमिनीकडे बघत राहिली.

नेरेआच्या कोपराखालची बोटं आवळली. "काही नाही, म्हण," रामिरो पुटपुटला. "आणि घरी चल."

तिनं कोपर सोडवून घेतलं. काळ्या ब्लाउजच्या मनगटाची बटणं काढली. आधी एक बाही, मग दुसरी, टेबलाशी बसताना बायका दुमडतात तशी कोपराच्या वर. रांग जागच्या जागी थांबली.

मग तिनं वडिलांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही, बाबा. तो डाग आईनं स्वतःच पाडून घेतला होता, रजा माझ्यासाठी घेतली होती. मला रामिरो मारतो."