साठ सेकंदांचा जिना

ओब्दुलियाने पेनाचं टोपण काढलं आणि कोपऱ्यावरच्या खांबावरचा भूकंपाचा भोंगा वाजायला लागला.

समोर बसलेला ओल्गीन खुर्ची पाडून उठला. इमारत विकत घेणाऱ्या कंपनीचा हा माणूस तीन महिने तिच्यापुढे घर सोडायचे कागद सरकवत होता, आणि इतका गोड बोलायचा की चहात साखर घालायला नको. आता मात्र कागद काखेत मारून तो जिन्याकडे पळाला. जाताना तिला 'चला' एवढंही म्हणाला नाही. भोंग्यानंतर भूकंप पोचायला साठ सेकंद लागतात. कधी तेवढेही मिळत नाहीत.

ओब्दुलिया गळ्यातली किल्ली मुठीत धरून तिसऱ्या मजल्यावरून उतरायला लागली. वाटेतल्या प्रत्येक दारावर तिने थापा मारल्या. पूर्वी या दारांतून माणसं चपला शोधत, पोपटाचा पिंजरा सांभाळत बाहेर पडायची आणि एकमेकांच्या नावाने ओरडायची. आता दारांना आकडे जुळवून उघडायच्या, किल्ली ठेवायच्या डब्या लटकत होत्या. आत भाड्याने उतरलेले चार दिवसांचे पाहुणे. कोण आहे, किती आहेत, देवाला ठाऊक. दुसऱ्या मजल्यावर एक गोरी मुलगी डोळे चोळत दारात आली.

"खाली पळ, बाई. केस नंतर विंचर," असं म्हणत ओब्दुलियाने तिला दंडाला धरून पुढे घातलं. भाषा कळली नसेल, पण पोरगी पळाली.

पहिल्या मजल्यावर नाबोर राहायचा. ऐंशीचा होता. तिच्या लेकीचा तो बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून तिचा कोम्पाद्रे, भावापेक्षा जवळचा. दोन वर्षांपूर्वी त्याचे कान गेले. एका आठवड्यात गेले, ठार. त्यानेच पाटीवर लिहून तिला सांगितलं होतं, भोंगा झाला की मला न्यायला या. सोबत किल्लीही दिली होती.

तिने दार उघडलं. तो नेहमीसारखा दाराकडे पाठ करून बसला होता. अंगात कोट, डोक्यावर टोपी, बुटांच्या नाड्या बांधलेल्या. घरातही असं नटून बसायची म्हाताऱ्याची खोडच होती. तिने खांद्याला हात लावला तसा तो दचकला आणि काठी घेऊन उठला.

"पाय उचला, कोम्पाद्रे. वरातीत नाही निघालो आपण," ती म्हणाली. त्याला ऐकू जात नाही हे माहीत असूनही ती जिनाभर त्याच्याशी बोलायची. बोललं की छातीतली धडधड जरा कमी व्हायची.

ते रस्त्यावर आले आणि धक्का बसला. पायाखालची जमीन सरकली असं आपण सहज बोलून जातो. या शहरात ती खरोखरच सरकते. विजेच्या तारा झोके घ्यायला लागल्या. भिंतीवरून चुन्याची धूळ उडाली. ओब्दुलियाने नाबोरचा हात घट्ट धरला होता, आणि त्यानेही तिचा. मग सगळं थांबलं.

सवयीने तिने माणसं मोजायला घेतली. मोठ्या भूकंपाच्या वर्षी इथेच, या रस्त्यावर, इमारतीतल्या एकेकाचं नाव पुकारलं होतं. एकच नाव कमी पडलं, तिचं. ती वर स्वयंपाकघराची चौकट धरून उभी होती आणि पाय उचलत नव्हते. नाबोर पुन्हा वर चढला आणि तिला हाताला धरून खाली घेऊन आला. पुढेही भोंगा झाला की तिचे पाय तसेच गारठायचे. मग त्याचे कान गेले, आणि तिला घाबरायला सवडच उरली नाही.

आज ओळखीचे चेहरे दोनच, तिचा आणि त्याचा. बाकीचे फोन वर धरून इमारतीचं चित्रण करत होते. नावं तरी कोणाची पुकारायची?

तिने नाबोरला समोरच्या मक्याच्या पोळ्यांच्या, तोर्तियाच्या दुकानातल्या स्टुलावर बसवलं. तेवढ्यात ओल्गीन आला. चेहरा पांढराफटक, पण कागद पुढे.

"बघितलंत ना, ओब्दुलियाबाई? कशाला या भिंतींत जीव टांगणीला लावता? लेक तिकडे केरेतारो शहरात वाट बघतेय. करून टाका सही."

तिला जायचं होतं. खरंच जायचं होतं. लेकीने खोली रंगवून ठेवली होती, नात रोज विचारायची, आजी कधी येणार. तरी तीन महिने ती पेन उचलून खाली ठेवत होती, ते एका माणसापायी. 'तुमचं काय?' असं त्याला विचारलं की तो पाटी पुसून टाकायचा.

"नाही जमायचं," ती म्हणाली. "मी गेले तर कोम्पाद्रेंना खाली कोण आणणार? तुमचे पाहुणे? भोंगा बोंबलत राहील आणि हा माणूस पाठ करून बसून राहील. ठार बहिरे आहेत ते."

ओल्गीनने दुकानातल्या नाबोरकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"बहिरे? काल अर्धा तास फोनवर बोलले माझ्याशी. पुतण्याकडे जायचंय त्यांना, सही करायला एका पायावर तयार आहेत. फक्त म्हणाले, 'आधी वरच्या बाईंची सही घ्या. मी आधी गेलो, तर भोंगा झाल्यावर ती खाली कुणासाठी उतरेल?'"