नऊ दिवसांची पट्टी

“चिमूटभर धूप टाक निखाऱ्यावर आणि जा घरी,” शिपाई कमरेच्या तलवारीवर हात ठेवून तिसऱ्यांदा म्हणाला. “सम्राटाच्या देवांना तेवढं पुरतं. तुझा येशू काय, करील तुला माफ मागाहून.”

वैद्य पिनूतिने नकारार्थी मान हलवली.

नाईलच्या धक्क्यावर ऊन चढलं होतं. अर्धं गाव जमलं होतं. सगळे त्याचेच रोगी, बरेचसे त्याच्याच धर्माचे, पण कधीच धूप टाकून मोकळे झालेले. प्रत्येकाच्या हातात फडकं होतं, आणि ते डोळे पुसायला नव्हतं. श्रद्धेपायी मेलेल्याचं रक्त कुठल्याही दुखण्यावर चालतं, फक्त गरम असतानाच टिपावं लागतं, हे तिथे पोराटोरांनाही ठाऊक होतं. एका बाईने तर चादरच आणली होती. हावरटपणाला काही सीमा!

ताएसे सगळ्यात पुढे होती, मुलीला कडेवर घेऊन. मुलीचा एक डोळा केव्हाच गेला होता. दुसऱ्यातला मोतीबिंदू पिनूतिने चार दिवसांपूर्वी सुईने बाजूला सारला होता.

“ताएसे, पट्टी नऊ दिवस सोडायची नाही,” तो म्हणाला. “डोळ्याला काही लावायचं नाही.” मग त्याला तिच्या मुठीतलं फडकं दिसलं. “हे कशाला आणलंस?”

तिने मूठ पदराआड नेली.

पिनूतिने पहिल्यांदाच निखाऱ्यांच्या शेगडीकडे पाहिलं. तो जगला तर रक्त नाही, आणि रक्त नाही तर पोरीचा डोळा वाचला. शिपायाने लगबगीने धुपाची वाटी पुढे केली.

“वैद्यबाबा, आता कच खाऊ नका!” ताएसे ओरडली. “माझ्या पोरीसाठी तरी!”

“पट्टी सोडणार नाहीस, अशी शपथ घे.”

“तुमच्या गळ्याची शपथ, बाबा!”

शिपाई खो खो हसला. पिनूतिने पोरीची पट्टी पुन्हा नीट बसवली. मग त्याने शेगडीकडे पाठ केली आणि गुडघे टेकले.

तलवार पडली आणि झुंबड उडाली. चादरवालीने कोपरं मारून दोघांना पाण्यात ढकललं. ताएसेने फडकं भिजवून घेतलं, तिथेच बसून पोरीला मांडीवर आडवं केलं आणि पट्टी ओढून काढली.

पोरीने डोळा किलकिला केला. “आई, तू दिसतेस,” ती म्हणाली.

“हलू नकोस गं, आधी औषध लावू दे,” ताएसे म्हणाली, आणि तिने ते फडकं डोळ्यावर घट्ट दाबून धरलं.