मजबूत काम

गल्लीत चोऱ्या वाढल्या, माणसाचा माणसावरचा भरवसा उडाला आणि कुलूपवाल्याला जेवायलाही फुरसत मिळेना. एकट्या राहणाऱ्या आपल्या आईच्या दाराला तर त्याने आतून तीन कड्या आणि वर लोखंडी अडसर बसवला. "आता कुणाची टाप आहे आत यायची!"

आई न्हाणीघरात पडली. तिच्या हाका ऐकून सगळा मजला धावला, दारावर धडका देत राहिला. शेवटी त्यानेच येऊन दार कापलं, तोवर हाका थांबल्या होत्या.

पुढे एकदा शेजारच्या आजींनी त्याला जिन्यात गाठलं. आणखी एक कडी हवी असेल, म्हणून त्याने पिशवी उघडली.

 

"बसवू नकोस रे, आहेत त्या सगळ्या काढ. चोर आला तर आला. पण मी हाक मारली, तर कुणाला तरी आत येता आलं पाहिजे."