चौथी फाइल

बाबांचा विसराळूपणा वाढला, तशी लेकीने त्यांच्या कॉम्प्युटरवर तीन छोट्या फाइली लिहून ठेवल्या: मी कोण, माझ्या गोळ्या कोणत्या, आणि घरात वावरणारी बाई माझी मुलगीच आहे. सगळं बाबांनीच लिहिल्यासारखं, म्हणजे त्यांना परकं वाटायला नको. जन्मभर प्रोग्रॅमिंग केलेल्या बाबांनी मग स्वतःच कॉम्प्युटरची सेटिंग बदलली. एक बटण दाबलं की तिन्ही फाइली एकदम उघडायच्या.

"डोकं गेलं तरी बोटं शाबूत आहेत बघ!" ते हसून म्हणाले होते.

गेले दोन दिवस मात्र ते तिच्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. आज तर खोलीला आतून कडी.

"बाबा, गोळी राहिलीये, दार उघडा ना!"

तिने दोनदा दार ठोठावलं. सकाळी त्यांनी वाचलं तरी काय, म्हणून तिने हॉलमधल्या कॉम्प्युटरवर ते बटण दाबलं. चार फाइली उघडल्या.

चौथीत लिहिलं होतं:

"पहिल्या तिन्ही त्या बाईने लिहिल्यात. ती देईल ते खाऊ नकोस. लेक येईपर्यंत दार उघडू नकोस."