सातवा मणी

सुतार झाकण लावायला पुढे झाला आणि धोंडूबाई शवपेटीला आडवी आली. मोगऱ्याची माळ तिच्या हातातच राहिली होती. गिरीजच्या या वाडीत ती बावीस वर्षं फुलांच्या माळा ओवायला येत होती. बॅप्टिस्टबाबांच्या घरात आजवर ती कुणाला आडवी गेली नव्हती.

बाबांच्या जुळवलेल्या हातांना रोजरीची जपमाळ गुंडाळली होती. धोंडूबाईची नजर तिच्यावरून हलेना. चौऱ्याहत्तर साली, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, ती माळ तुटली होती. बाबांचे दोन्ही डोळे तेव्हा गेलेले. धोंडूबाईचा हात ओवण्यात बसलेला, म्हणून मणी तिच्याच पदरात पडले. कुठला मणी कुठे ते बाबांच्या बायकोने, क्लेमेंटीनने, नीट समजावून दिलं. तरी ओवता ओवता एक मणी कमी पडला. अख्खं अंगण झाडलं, पण तो काही सापडेना.

मग तिने एक उद्योग केला. त्याआधी दोनच महिने तिचा मुलगा सोनू खाडीत बुडाला होता. त्या दिवशी तिने गळ्यातली तुळशीची माळ तोडून डब्यात टाकली होती आणि देवाशी बोलणंच टाकलं होतं. त्या डब्यातला एक मणी तिने काढला आणि बेमालूम बसवला. रंग तोच, फक्त आकाराने जरासा लहान. डोळे असलेल्यांना कळला नाही, तर आंधळ्याला काय कळणार, अशी तिने मनाची समजूत घातली.

पण जिवाला घोर लागला तो लागलाच. दुसऱ्या देवाचा मणी. बाबांची प्रार्थना रोज तिथेच अडत असली तर? आता तर तो मणी त्यांच्याबरोबर मातीत चालला होता. वर गेल्यावर त्यांना दारातच अडवलं, तर बिचाऱ्यांना कारणही सांगता यायचं नाही.

ती क्लेमेंटीनच्या कानाशी लागली आणि सगळं सांगून मोकळी झाली. शेवटी म्हणाली, "बाय, तेवढा मनी काढा. मग खुशाल झाकन लावा."

क्लेमेंटीन रडून रडून थकली होती. तिने सुताराला थांबायची खूण केली. नवऱ्याच्या बोटांवरची माळ चाचपत ती दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या गटातल्या सातव्या मण्यावर थांबली. खुद्द धोंडूबाईला तो इतक्या पटकन सापडला नसता.

"यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं," ती म्हणाली. "आंधळ्याची बोटं ती. मला विचारलं, धोंडूच्या गळ्यात माळ आहे का गं? मी म्हटलं, सोनू गेल्यापासून नाही."

धोंडूबाईचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"राहू दे हा मणी, धोंडू. हे म्हणायचे, ती देवाशी बोलत नाही, तर तिच्या पोरासाठी मी बोलतो. नऊ वर्षं, रोज संध्याकाळी, या मण्यावर यांनी सोनूचं नाव घेतलंय."