हिरव्यात आलेला दंड

सुनेला पोटचं पोर नकोसं झालं होतं, आणि ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती. शिवणाच्या कारखान्यातून ती घरी यायची, हात धुवायची आणि पाळण्यापासून लांब, भिंतीला पाठ लावून बसायची. तिथून ती पोराकडे बघत राहायची. दारात अनोळखी माणूस उभा राहिला की बघतो ना आपण, तसं. आज सुट्टी होती, तरी तेच.

"घे की जरा मांडीवर," सासू म्हणाली. गल्लीत तिला सगळे थोरली म्हणत. "चावतंय का ते?"

"चावलं असतं तर बरं झालं असतं," सून म्हणाली. "आई, हे आपलं बाळ नाही."

थोरलीचा चमचा वाटीतच थांबला.

"जिभेला काही हाड? भर दुपारी काय बरळतेस?"

तिनं नातवाकडे पाहिलं. गाल असे भरलेले, की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. कातडी तुकतुकीत, ताणलेली. या घरची पोरं म्हणजे काटक्या, असं म्हणणाऱ्या सगळ्यांची तोंडं तिनं या एका नातवावर बंद केली होती. शेजारणी येता-जाता गाल ओढायच्या आणि थोरलीची मान आणखी ताठ व्हायची. गालावर एक माशी बसली होती. पोरानं ती हाकलली नाही. थोरलीनंच हाकलली.

तेवढ्यात नर्स दारात आली. सकाळपासून ती घरोघर लहान पोरांचे दंड मोजत फिरत होती, आणि जिथे जाईल तिथून पोरांचा आकांत ऐकू येत होता.

"ये बाई, ये. आता जरा बघण्यासारखं पोर बघ," थोरली म्हणाली. "मोज काय मोजायचं ते."

नर्सनं डावी बाही वर सारली. कोपर दुमडून खांद्यापासून कोपरापर्यंतचं मधलं ठिकाण काढलं, पेनानं ठिपका दिला आणि रंगीत पट्टी दंडाभोवती घेतली. लाल आलं तर पोर धोक्यात, पिवळं आलं तर सांभाळा, हिरवं आलं तर निर्धास्त. हे आता गल्लीतल्या बायकांनाही पाठ झालं होतं. पोर रडलं नाही. हात उचलला तर उचललेला राहिला, सोडला तर लोंबला.

"किती गुणी आहे हो!"

"गुणी म्हणजे? दिवसभर हूं नाही की चूं नाही."

"हिरवा," नर्स म्हणाली. "छान."

थोरलीनं सुनेकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर जमिनीत गेली असती. "ऐकलंस? माझं नको ऐकूस. पट्टीचं तरी ऐक."

"पट्टीला काय कळतंय," सून म्हणाली, "आत कोण आहे ते?"

नर्स हसायला गेली आणि अर्ध्यात थांबली, कारण सून भिंतीपासून उठली होती. ती पाळण्याशी आली. पोराच्या पायातला मोजा तिनं ओढून काढला. मोज्याची वीण घोट्यावर जशीच्या तशी उमटली होती. तिनं पावलावर अंगठा दाबला आणि उचलला.

खड्डा तसाच राहिला.

"माझं बाळ बोट लावलं की लाथा झाडायचं," ती अगदी हळू म्हणाली. "हे कुणीतरी कणकेचं करून ठेवलंय."

नर्सचा चेहरा उतरला. "पाय आधी बघायचे असतात," ती स्वतःशीच पुटपुटली. तिनं दोन्ही पावलांवर दोन अंगठे दाबून धरले. उचलले तेव्हा तिथेही दोन खड्डे होते.

"आजी, काय भरवता याला?"

"पिठाचं पाणी, चांगली साखर घालून. माझ्या हातानं भरवते."

"डाळ? दूध? अंडं?"

"पोट बिघडतं त्यानं. आमची सगळी यावरच वाढली."

पट्टीची गुंडाळी मुठीत घट्ट धरून नर्स म्हणाली, "ही सूज आहे, आजी. सत्त्वाचं अन्न नाही, म्हणून अंगात पाणी भरलंय. दंडही सुजलाय, म्हणून हिरवा आला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. थांबलात तर हाती लागायचं नाही."

"मग याचा खरा दंड केवढा?" सुनेनं विचारलं.

"ते सूज उतरल्यावरच दिसेल."

"काहीतरीच तुझं," थोरली म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिनं स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबला. म्हातारी कातडी लगेच भरून आली. मग तिनं तोच अंगठा नातवाच्या पावलावर ठेवला, दाबला, आणि उचलून वाट बघत बसली. बाहेर पुढच्या घरातलं पोर मोठ्यानं रडायला लागलं होतं. इथे डोळ्यांच्या दोन फटी थोरलीकडे, की तिच्या मागे कुणाकडे तरी, बघत होत्या. वाटीतल्या पिठाच्या पाण्यावर साय धरली होती, तुकतुकीत, ताणलेली.

खड्डा भरला नाही.

सून पुन्हा भिंतीला टेकली होती. थोरलीनं पोर उचललं. केवढं जड! ते तिनं सुनेच्या हातांत ठेवलं आणि ते हात आपल्या हातांनी दाबून धरले.

"तुझंच खरं, पोरी. हे आपलं नव्हे. आपलं याच्या आत आहे, काडीएवढं, पाण्याखाली. धर घट्ट. चपला राहू देत, चल."