बारावा पंप

सकाळी तिनं चाचणीच्या खोलीचं कुलूप काढलं आणि खोली अनोळखी वाटली. आवाजच नव्हता. बारावा पंप बंद पडला होता.

बारा पंप एकाच दिवशी सुरू केले होते. ते किती दिवसांनी बंद पडतात यावरून विमा कंपनी कारखान्याचा हप्ता ठरवणार होती, म्हणून कंपनीचा सर्व्हेअर दर गुरुवारी बघायला यायचा. अकरा पंप एकेक करून गेले. बारावा काही हटेना, तेव्हा तिच्या साहेबांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. म्हणाले, हे आपल्या सगळ्यांना पोचवूनच जातील. अकरा आकड्यांवर हिशेब भागतो हे तिला ठाऊक होतं. पण कंपनीला बाराही हवेत असं सर्व्हेअर म्हणाला, आणि एरवी दशांशावरून भांडणारी ती गप्प बसली.

आला की तो आधी आजोबांच्या पाठीवर हात ठेवायचा. मग समोरच्या स्टुलावर बसून चहा गार होईपर्यंत बोलायचा. एकदा त्यानं विचारलं, एवढा चाललाय, थकला असेल ना? तिनं समजावलं, की हे पंप झिजून नाही, अवचित जातात. आज बंद पडायची शक्यता पहिल्या दिवशी होती तेवढीच. मागचं काही त्याच्या लक्षात राहत नाही.

"बरं आहे त्याचं," तो म्हणाला होता.

आज गुरुवारच होता. नोंदवहीत 'बंद' लिहायला हात धजत नव्हता, पण बंद पंपाला चालू म्हणणं तिला जमलं नसतं. सर्व्हेअरला हेलपाटा नको म्हणून तिनं त्याच्या ऑफिसात फोन लावला.

"ती फाइल?" पलीकडच्या बाई म्हणाल्या. "अहो, ती अकरावा गेला तेव्हाच मिटवली. आणि ते गुरुवारी नसतात. दर गुरुवारी रजा टाकतात."

तिनं फोन ठेवला. मग उठून तिनं कपाटामागचा राखीव पंप ओढून काढला. आजोबांना खाली उतरवलं, त्यांच्या जागी नवा बसवला, बोल्ट आवळले, पाणी सोडलं, बटण दाबलं.

दारातच आवाज ऐकून सर्व्हेअरचा चेहरा सैलावला. सवयीनं त्यानं पंपाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच थांबला.

"गार लागतोय."

"आत्ताच लावलाय."

"आजोबा?"

"गेले."

त्यानं हात उचलला नाही. पंपाकडेच बघत त्यानं विचारलं, "हा किती चालेल?"

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "तुमच्या रजा किती शिल्लक आहेत?"